बाटल्यांत भरलेला नवरा

एके काळी आमच्या गल्लीत कुजबुज होती की बाटलीवहिनीने नवऱ्याचे तुकडे करून बाटल्यांत भरून ठेवलेत.

हसू नका. ही बातमी मी तीन तोंडांतून ऐकली आणि दर तोंडागणिक तुकडे बारीक होत गेले होते. शेवटच्या तोंडाने तर बाटल्यांना बूचसुद्धा लावून टाकलं.

आता अशी बातमी काही हवेतून पडत नाही. वहिनीचं कामच मुळी तसलं. गावाबाहेर केळीची रोपं तयार करणारी टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा होती, तिथे ती कापणीच्या टेबलावर बसायची. निरोगी केळीच्या बुंध्याशी फुटलेलं पिल्लू आणायचं, कांद्यासारखं सोलत जायचं आणि आतला इवलासा कोंब जेली भरलेल्या बाटलीत बसवायचा. कोंबाला कोंब फुटले की सुरीने वेगळे करून नव्या बाटल्यांत. त्यांना पुन्हा फुटले की पुन्हा सुरी. एका पिल्लाची हजारो रोपं, सगळी एकाच नाकाडोळ्याची. जरा कुठे धूळ शिरली की बाटलीला बुरशी लागलीच म्हणून समजा. म्हणून टोपी, मास्क, पांढरा कोट आणि क्षणाक्षणाला हातावर स्पिरिट. वहिनीच्या हातची बाटली सहसा नासायची नाही, आणि याचा तिला गर्वही होता. गल्लीत चार बायका जमल्या की ती सांगायची, "तुकडा तेवढा जिवंत हवा हो. पुढचं मी बघते."

पुढे हेच वाक्य तिच्या अंगाशी आलं.

तिचा नवरा म्हणजे भोंगा. शिंकला तरी तीन गल्ल्या दचकायच्या. त्याचं रंगांचं दुकान होतं आणि दुकानापेक्षा मोठ्या बाता होत्या. एक दिवस दुकानाचं शटर खाली आलं ते आलंच, आणि भोंगाही वाजेनासा झाला. गल्लीला इतकी शांतता सोसेना.

"अगं, हे दिसत नाहीत ते?" शेजारच्या काकूंनी विचारलं. काकूंचा एक कान कायम भिंतीला.

"बाहेरगावी गेलेत. मॅनेजर म्हणून."

"कुठल्या गावी?"

"लांब," वहिनी म्हणाली आणि घरात गेली.

काकूंच्या पोटात हे राहणार थोडंच? त्यांनी पाळत ठेवली. वहिनी रोज दोन डबे भरून नेते आणि दोन्ही रिकामे आणते. एवढंच नाही, दुकानातून दाढीची पाती घेते!

"बाईमाणसाला पाती कशाला गं?" गल्लीतल्या बायकांत एकीने विचारलं.

"कापायला! दुसरं काय?"

"आणि तिथे म्हणे तुकडा बाटलीत ठेवला की अख्खा उगवतो. उद्या पन्नास भोंगे उगवले म्हणजे?"

"छे! तिला एक झेपत नव्हता, पन्नास कशाला करील?"

आम्ही पोट धरून हसलो. पण थट्टेला पाय फुटले की ती कुणाच्या दारात जाऊन बसेल, सांगता येत नाही. ही जाऊन बसली रोपं घेणाऱ्या बागायतदारांच्या दारात. एकाने ठरलेली रोपं नाकारली. "त्या बाईच्या हातची नकोत. माणूस खाऊन वाढलेली केळी आमच्या पोरांनी खायची?" त्याचं ऐकून दुसऱ्याने नाकारली. शिकलीसवरलेली, हिशेबी माणसं!

प्रयोगशाळेच्या मॅडमनी वहिनीला बोलावून घेतलं. "माझा विश्वास नाही या मूर्खपणावर. पण रोपं पडून राहिलीत. एकदा नवऱ्याला लोकांसमोर उभं करा आणि विषय मिटवा. नाहीतर महिना संपला की टेबल दुसरीला द्यावं लागेल."

टेबल गेलं तर घरची चूलही गेली. एका वाक्यात सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. पण वहिनी म्हणाली, "बघते," आणि जाऊन बसली कामाला. त्या दिवशी तिच्या सुरीखाली कोंब आडवा चिरला गेला. शेजारच्या टेबलावरची मुलगी बघतच राहिली. वहिनीचा हात चुकलेला कुणी पाहिलाच नव्हता.

दोन दिवसांनी दीर आला. धाकटा, डोक्याने गरम. परगावी राहायचा, बातमी तिथवर पोचली होती. घराला कुलूप दिसलं तसा तरातरा प्रयोगशाळेत. मागून काकू, साक्षीला म्हणून.

"वहिनी, दादा कुठाय?"

"भाऊजी, संध्याकाळी घरी या. बोलू."

"इथेच सांग! गाव काय बोलतंय माहीत आहे?" असं म्हणत त्याने काचेचं दार ढकललं आणि चिखलाच्या बुटांनिशी थेट वाढीच्या खोलीत. जिथे मॅडमसुद्धा पाय धुऊन, कपडे बदलून जातात तिथे! पांढऱ्या उजेडात मांडणीवर मांडणी, बाटल्याच बाटल्या, प्रत्येकीत हिरवा पोपटी झुपका. पठ्ठ्याने एक बाटली उचलली आणि चक्क झाकण काढून आत नाक घातलं.

सगळ्या बायका जागीच थिजल्या.

आणि तेवढ्यात मागून असा काही आवाज आला की म्हणे मांडणीवरच्या बाटल्या किणकिणल्या.

"बूट काढ आधी, गाढवा! आणि ठेव ती बाटली खाली!"

दारात मुका उभा होता.

हा मुका म्हणजे बाटल्या धुणारा माणूस. कंत्राटदाराने आणलेला, कायम टोपी-मास्कमध्ये, कोपरापर्यंत साबणाचा फेस. काहीही सांगा, मान हलवायचा. तिथल्या बायकांनी त्याच्यापुढे बसून सासवांची, नणंदांची, नवऱ्यांची सगळी गाऱ्हाणी ओतली होती. मुक्याला सांगायला भीती कसली? तो बोलला मात्र, प्रत्येकीला आपण काय काय सांगून बसलो ते आठवलं आणि एकेकीचा रंग उडाला.

दिराने हातातल्या बाटलीकडे पाहिलं. आवाज तर दादाचा. पण दादा तर बाटलीत!

मुक्याने मास्क खाली ओढला. काकूंनी अशी किंकाळी फोडली की चार दिवस त्यांचा घसा बसला. गल्लीला तेवढीच विश्रांती.

"तू... तू इथे काय करतोस?" दीर पुटपुटला.

उत्तर वहिनीने दिलं. "तुम्हाला कळू नये म्हणून यांनी शपथ घातली होती मला. आता कळलं ना? चला बाहेर सगळे. खोली पुसायची आहे."

तिने तीन मांडण्या बाजूला काढून एकेक बाटली उजेडात धरून तपासली. झाकण काढलेली तेवढी नासली. मॅडमनी दुसऱ्याच दिवशी बागायतदारांना बोलावून भोंग्याला त्यांच्यापुढे उभं केलं आणि बोलायला सांगितलं. तो थांबेना म्हणून शेवटी बागायतदारांनीच रोपं गाडीत भरली. वहिनीचं टेबल वहिनीकडेच राहिलं.

भोंग्याचं दुकान बुडालं होतं. बायकोने कंत्राटदाराला सांगून लावून दिलेल्या कामावर आपण बाटल्या धुतो हे धाकट्या भावाला कळू नये, म्हणून तो प्रयोगशाळेच्या रोपवाटिकेमागच्या खोलीत राहत होता आणि आवाज ओळखू येऊ नये म्हणून बोलत नव्हता. दुसरा डबा त्याचा होता. तिथे कामाला दाढी ठेवू देत नाहीत. पाती त्यासाठी होती.