मनोहरकाकांची ‘बोलू नये’ पाटी

काका, तुमचा तो नियम भंगार होता. मी तव्हाई म्हणत होतो, आजई म्हणतो.

आन् तुमी दरवेळी एकच म्हणायचे, “तुले नाई समजत बे. शेवटची पानं म्हणजे शेवटची पानं.”

आज तुमची तेरवी हाय. मी तिरुपूरला, कापडाच्या कारखान्यात, पॅकिंगच्या टेबलाजवळ बसून हे टाईप करून राह्यलो. सुट्टी भेटली नाई.

ज्याईले माहीत नाई त्याईच्यासाठी सांगतो. सेलूच्या बस स्टँडजवळ मनोहरकाकांचं स्टेशनरीचं दुकान. वह्या, पेन, झेरॉक्स. आन् मागच्या भिंतीला रहस्यकादंबऱ्यांचं कपाट. भाड्यानं न्या, वाचा, आणून द्या.

मी आठवी नापास. एका जागी बसणं मले कधी जमलं नाई, ना शाळेत, ना कामावर. पुणे झालं, सुरत झालं, आता हे.

काकांनी एकदा पुस्तक हातात दिलं. “पाच पानं वाच. नाई आवडलं तर भाडं नको देऊ.”

संध्याकाळपर्यंत मी दुकानाच्या पायरीवरच. मायले वाटलं, पोट्टा पळून गेला.

नवीन पुस्तक आलं की काका आमच्या वाचणाऱ्याईच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे. नाव नाई, लेखक नाई.
“हिरव्या कव्हरची आली हाय. लिफ्टमध्ये सहा जण चढतात, उतरतात पाच. घरी एकटे असान तर दार उघडं ठेवून वाचजा.”
झालं. दुसऱ्या दिवशी चार जण भांडत हजर.

आता तो नियम.

स्वतः काका शेवटच्या पानांवर आले की काउंटरवर पाटी लावत. ‘शेवटची पानं चालू. बोलू नये.’
मंग कोणी यायचं, पैसे डब्यात टाकायचे, आपल्या हातानं वही घ्यायची आन् जायचं. एकदा सख्खा जावई अर्धा तास उभा राह्यला.
काकू म्हणायच्या, “दुकानाले आग लागली तरी हे पान संपवूनच उठतीन.”
साऱ्या सेलूनं हा नियम पाळला.

या खेपेला पहिल्यांदा मी त्याईले पुस्तक सुचवलं. नवीनच निघालेलं. एका गावात पोस्टमन मेलेल्या माणसाच्या नावाची पत्रं आणून देते, आन् दरवेळी सही होऊन मिळते. मी वाचलं आन् तीन दिवस दाराची कडी वाजली तरी उठलो नाई. म्हटलं, हे काकांनी वाचलंच पाह्यजे. कुरिअर केलं.

काकांचा मेसेज आला. “बरं दिसते. पण तुह्यासारखा घाबरट नाई मी.”

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी काकाले व्हिडिओ कॉल लावला. खुनी कोण वाटते, विचारायचं होतं.

काउंटरवरचा त्याईचा फोन उचलला शेजारच्या टेलर अशोकभाऊनं.
“पाटी लागली हाय बे. बोलू नको.”
“दाखवा तर खरं, कोणतं वाचून राह्यले?”
त्यानं कॅमेरा फिरवला.

काका खुर्चीत. मान खाली. चष्मा नाकावर घसरलेला. मांडीवर मी धाडलेलंच पुस्तक, थोडीशीच पानं उरलेली.

मी हसलो. “अशोकभाऊ, आता सांगतीन घाबरट कोण ते.”
तोई हसला. फोन ठेवला. मी डबा खाल्ला. पुरा.

चार वाजता काकू चहा घेऊन आल्या. त्याईनं नियम मोडला, खांद्याला हात लावला.

डॉक्टर म्हणे, हार्ट. दुपारीच कधीतरी गेले. कधी, ते कोणी सांगू शकत नाई.

आता ऐका. काका वाचताना पानावर अंगठा दाबून ठेवत. वरचा पंखा पानं उडवते म्हणून. कॉलमध्ये पान फडफडत होतं. अंगठा नव्हता.

हे मी पाह्यलं होतं. डोळ्यानं पाह्यलं होतं. एवढी पुस्तकं वाचली, पानापानावर पुरावे शोधले, आन् हा समोर असून दिसला नाई.

तव्हा जीव असन का त्याईच्यात? अशोकभाऊनं हाक मारली असती तर?

तव्हापासून मले भेव वाटते. बसमध्ये मान टाकून बसलेला माणूस दिसला की मी त्याले हलवतो. दोन वेळा शिव्या खाल्ल्या. मायनं तिसऱ्या रिंगपर्यंत फोन नाई उचलला तर शेजारणीले लावतो. कँटीनमध्ये कोणी गप बसलं की मी त्याचं टेबल वाजवतो.

काकूंचा फोन आला होता. “कोणीच कसं पाह्यलं नाई रे त्याईले?”
मी म्हटलं, नेटवर्क नाई. आन् फोन कापला.

काल अशोकभाऊले विचारलं, काकूले सांगू का? तो म्हणे, “सांग. माह्यं नाव घेऊन सांग. मशीनवर बसलो की मले ती खुर्ची दिसते.”

आज सकाळी काकूले सगळं सांगतलं. पान, पंखा, अंगठा. आन् माह्यं हसणं.

काकूनं एवढंच विचारलं, “पुस्तक मांडीवर उघडं होतं न?”
“हो काकू.”
“मंग आपल्या आवडीच्या जागी होते रे ते.”

माफ केलं का नाई, मले समजलं नाई. विचारायची हिंमत नाई झाली.

मंग नाक ओढत म्हणाल्या, “त्याईनं नवीन कादंबऱ्या मागवल्या होत्या, ग्रुपसाठी. पार्सल आलं हाय, पैसे देऊन सोडवा लागते. परत धाडू का?”

म्हटलं, नाई. बिलकुल नाई.

ग्रुपवाल्याहो, येत्या आठवड्यात दुकानात जाजा. नवीन पुस्तकं न्या. ते पोस्टमनचंही वाचा, शेवट मी सांगत नाई. फक्त खुर्चीत जो बसला असन त्याले आवाज देजा. चिडला तर चिडू द्या. चिडला म्हणजे जिता हाय.

काका, लय घाबरलो हो मी. नमस्कार घ्या माहा.

काकू, पार्सल सोडवून घ्या. पैसे आत्ताच टाकले, २,१४० रुपये.