मानेचा पट्टा

फुशारकीचे किस्से माणूस चारचौघांत सांगून मोकळा होतो. लाजेचे मात्र माळ्यावरच्या सामानासारखे साठत जातात. एक काढायला जावं तर दहा अंगावर येतात! मी नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात प्रेस मशिनवर आहे. मध्यंतरी अडीच महिने आजारपणाच्या रजेवर होतो आणि कामगार विम्याचे पैसे घरबसल्या घेत होतो. आजार घबराटीचा. तेवढ्या काळात इतके किस्से जमले की मंगल, म्हणजे माझी बायको, म्हणते, "सांगून टाका एकदाचे. घरात जागा नाही!"

*

सुरुवात मशिनसमोरच झाली. छातीत असं धडधडायला लागलं की वाटलं, संपलं सगळं. हातपाय गार पडले. आमचा सुपरवायझर आहेर, मूळचा देवळ्याचा, सहा फुटी गडी. त्यानं मला उचलून रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. ईसीजी काढला, नॉर्मल. पुन्हा काढला, पुन्हा नॉर्मल!

आहेर घाम पुसत म्हणाला, "गांगुर्डे, रिपोर्ट नॉर्मल म्हणजे तू नॉर्मल. उद्या फर्स्ट शिफ्टला ये!"

रिपोर्ट चांगला आला म्हणून शरमलेला माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी गेलो, तर गेटवर कार्ड पंच करायला हात उचलेना. आठवडाभर रोज गेटपर्यंत जायचो आणि परत यायचो. शेवटी विम्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी रजेचं सर्टिफिकेट लिहून दिलं.

*

पहिले पैसे जमा झाल्याचा मेसेज आला, तेव्हा मी मोबाइल उशीखाली सरकवला. चोरीचा माल घरात आल्यासारखं वाटलं.

मंगलला विचारलं, "परत करता येतात का गं?"

ती कणीक मळत होती. "बारा वर्षं तुमच्या पगारातून कापतायत. तेव्हा कुणी विचारलं होतं का, परत देऊ का म्हणून?"

मुद्दा बिनतोड होता. तरी तो महिनाभर मी चहात साखर कमी घेतली. त्यानं कुणाचं काय भलं झालं, ते मला आजही माहीत नाही.

*

एकदा सातपूरच्या बाजारात मेथीची जुडी बघत होतो, तर मागून आहेरचा आवाज आला. "काय राव, मजा आहे! आम्हाला पण लागू दे की असलं काहीतरी दुखणं!"

भाजीवालीसुद्धा माझ्याकडे बघायला लागली. मी जुडी तशीच ठेवून निघालो. त्यानंतर मी भाजीला थेट नाशिक रोडला जायला लागलो, दोन बस बदलून! बसच्या गर्दीत छाती धडधडायची ती वेगळीच.

मंगल पिशवी उपसत म्हणायची, "एवढ्या लांबून आणता, तर निदान ताजी तरी आणा!"

*

घोटीजवळ आमचं गाव. थोरल्या भावाला मी रजेवर आहे एवढंच ठाऊक. त्याचा फोन आला, "सुट्टीवर हायेस ना? मंग लावणीला ये. माणसं भेटत नाय."

गेलो. अर्धा दिवस चिखलात उभा राहून भाताची रोपं लावली आणि छाती एकदम शांत! जेवताना ते ध्यानात आलं आणि मी ताट बाजूला सारलं. म्हणजे मी आजारी नाहीच? फुकटचं खातोय?

पुढच्या तपासणीला मॅडमसमोर सगळं कबूल केलं. "मॅडम, मी अर्धा दिवस भात लावला. माझी रजा बंद करा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बरं वाटलं तिथं?"

"हो."

"आता डोळे मिटा आणि मशिनसमोर उभे राहा."

मी मिटले. हात टेबलाखाली होते, तरी टेबलावरचा पेला वाजायला लागला. मॅडमनी रजा वाढवून दिली.

*

आता पट्ट्याकडे येतो. दवाखान्याच्या बाकावर प्रत्येकाकडे दाखवायला काहीतरी असायचं. कुणाचा पाय प्लास्टरमध्ये, कुणाच्या बोटाला टाके. मी मात्र इस्त्रीच्या शर्टात धडधाकट! म्हणून मेहुणीकडून मानेचा पट्टा मागून आणला. कागदावर खरा आजार आणि गळ्यात खोटा!

पहिल्याच दिवशी बाकावर नेहमी भेटणारे, बोडके आडनावाचे मामा उठून उभे राहिले. मामांचा स्वतःचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.

"बस भाऊ, बस. मानेचं लय वाईट!"

आणि मी बसलो. नको म्हणून उठलो असतो तर पट्टा खोटा ठरला असता. तासभर मामा एका हातानं दुसरा हात सावरत उभे होते. आजही आठवलं की माझे कान तापतात.

मॅडमच्या दारात मी पट्टा काढून पिशवीत टाकायचो. एकदा विसरलो.

"मानेला काय झालं?"

"काही नाही मॅडम. हा लोकांसाठी आहे."

"मी लोक नाही. काढून बसा."

*

त्याच दिवशी परतताना, पट्टा पुन्हा गळ्यात असताना, आहेर भेटला. गाडी बाजूला घेऊन खाली उतरला आणि चक्क हात जोडले. "अरे, मान होती होय! आधी नाही का सांगायचं? मी उगाच काहीबाही बोललो. माफ कर भाऊ."

मी माफ केलं. मोठ्या मनानं!

*

बरं वाटल्यावर कामावर रुजू झालो. फिट सर्टिफिकेट आहेरच्या हातात दिलं. त्यानं ते दोनदा वाचलं.

"यात मान कुठंय?"

मला खोटं बोलायचा कंटाळा आला होता. "मान नव्हतीच साहेब. घबराट होती. पट्टा मेहुणीचा, नुसता लोकांसाठी."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या डिपार्टमेंटला कळलं. पुढचे कितीतरी दिवस जो तो मला बघितलं की मान धरून "आई गं!" करायचा. सगळ्यात मोठ्यानं आहेर. मीही हसायचो. घरी जाऊन मंगलशी धड बोलायचो नाही.

*

परवा गोळ्या आणायला विम्याच्या दवाखान्यात गेलो होतो. बाकाच्या टोकाला एक माणूस हेल्मेट घालून बसलेला. आत, पंख्याखाली, काच पार खाली ओढून! मी शेजारी टेकलो. त्याच्या हातातला केसपेपर एकसारखा थरथरत होता. पायात आमच्या कंपनीचे बूट. सहा फुटी देह बाकावर मावत नव्हता.

"आहेर साहेब?"

हेल्मेट भिंतीकडे वळलं. नंबर पुकारले जात होते, माणसं आत-बाहेर करत होती. बऱ्याच वेळानं हेल्मेटची काच दोन बोटं वर झाली.

"गांगुर्डे," तो हळूच म्हणाला, "तो पट्टा मेहुणीला परत दिलास का रे?"