खेळाचा तास

शाळेतली सगळी मुलं त्याला मामा म्हणत. बत्तीस वर्षं तो तिथे शिपाई होता. घंटा द्यायचा, खडू वाटायचा, फुटलेले गुडघे नळाखाली धुवायचा. पोर पडलं की हसून म्हणायचा, "काही होत नाही रे, ऊठ." स्वतःच्या मुलीला मात्र हे तो एकदाही म्हणाला नाही.

मुलगी जन्मली तीच निळसर. हृदयातून फुप्फुसाकडे रक्त जातं, त्या वाटेवरची झडप चिकटलेली होती. इतकुसा जीव, म्हणून घरात नाव पडलं ठिपकी. तिसऱ्या वर्षी ऑपरेशन झालं. ते चालू होतं तेवढा वेळ तो जिन्यात उभा होता. बायकोने आणून दिलेला चहा हातातच गार झाला.

ठिपकी आठ वर्षांची असताना बायको तापाने पडली होती, म्हणून तपासणीला तो एकटाच तिला घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, "झडप जराशी गळते, पण त्याने बिघडत नाही. दर वर्षी दाखवा. आणि हिला पळू द्या, खेळू द्या. अडवू नका."

घरी बायकोने विचारलं, "काय म्हणाले?"

"जपा म्हणाले. धावपळ नको."

असं का बोललो, ते त्याला पुढे कितीदा आठवूनही सापडलं नाही. दवाखान्याच्या पायऱ्या ठिपकी उड्या मारत उतरली होती आणि त्याने धावत जाऊन तिचा दंड धरला होता, एवढंच. मग बोललेलं फिरवायला तोंड उघडेना. पुढे दर वर्षी तोच तिला न्यायचा, डॉक्टरांशी बोलताना तिला बाहेर बसवायचा आणि फाईल आपल्या पेटीत ठेवायचा. ठिपकी त्याच्याच शाळेत होती; शाळा उघडली की खेळाच्या सरांना स्वतः चिठ्ठी नेऊन द्यायचा. खेळाच्या तासाला ठिपकी त्याच्याजवळ बाकावर बसून इतरांच्या चपला सांभाळी. मुली तिला चपलांची राणी म्हणत. तीही हसायची.

एकदा म्हणाली, "बाबा, नुसती एक फेरी मारू?"

"जीव नकोसा झालाय का तुला?"

पुन्हा तिने विचारलं नाही.

मोठी झाल्यावर ती चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली. सत्ताविसाव्या वर्षी तिला दुकानाचा जिना चढताना धाप लागायला लागली. झडपेने दगा दिला, असंच त्याने गृहीत धरलं आणि तो हट्टाने तिच्याबरोबर गेला. जुने डॉक्टर आता नव्हते, आणि ठिपकीला बाहेर बसवण्याचं वयही राहिलं नव्हतं. नव्या डॉक्टरीणबाईंनी हृदयाची सोनोग्राफी केली, तिला चालत्या पट्ट्यावर चालवलं.

"झडप छान आहे," त्या म्हणाल्या. "पुढेमागे बदलावी लागेल, कदाचित नाहीही. पण ही धाप झडपेची नाही. शरीराला श्रमाची सवयच नाही. लहानपणी काही खेळत नव्हतात?"

"मला मनाई होती," ठिपकी म्हणाली.

बाईंनी दवाखान्याकडची जुनी फाईल चाळली. "मनाई? इथे तर लिहिलंय, खेळण्यावर कसलंही बंधन नाही. एकोणीस वर्षांपूर्वीच."

ठिपकीने बापाकडे पाहिलं. तो फरशीकडे पाहत होता.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"होतं. मीच घरी उलटं सांगितलं. भीती वाटली गं."

"भीती तुम्हाला वाटत होती ना? मग बसवून मला का ठेवलंत?"

तो रिक्षा बघायला पुढे झाला.

त्या संध्याकाळी त्याने बायकोलाही सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातलं तसंच धरून म्हणाली, "अहो, दोरीवरच्या उड्या मारल्या म्हणून मी एकदा तिला मारलं होतं. तुमच्या शब्दावर." मग चार दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

ठिपकी रोज चालायला जाऊ लागली. नंतर तिने पोहायचा क्लास लावला, सात-आठ वर्षांच्या पोरांबरोबर. हे तिने त्याला सांगितलं नाही. दोरीवर वाळणाऱ्या पोहण्याच्या पोशाखावरून त्याला कळलं. "सावकाश हं," असं तोंडापर्यंत यायचं. तो गिळून टाकायचा.

वर्षाने ती तपासणीला एकटीच गेली. फोन आला तो आईला.

"झडप आहे तशीच," बायकोने ऐकून सांगितलं. "आणि आता जिना एका दमात चढते म्हणे."

"माझ्याबद्दल काही बोलली?"

"नाही."

त्याने मान हलवली. आनंद तर पोटात मावत नव्हता, पण तो बोलून दाखवायचा हक्क आपल्याला उरलाय, असं त्याला वाटेना.