फेटा कुणाच्या डोक्याला

हिर्डोशीहून पहिल्यांदा निघाले तेव्हा एसटीपर्यंत आईच आली होती. वडील, म्हणजे आबा, आले नाहीत. त्यांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, "जातीयास तर जा. पन उद्या कुनी नावं ठेवली, तर मला तोंड दावू नगंस." पोरीनं हाफ पँट घालून चारचौघांत पळायचं, हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं.

पुण्याच्या क्रीडा हॉस्टेलात सगळंच नवं. भाताच्या बांधावर पळून वाढलेली मी, पाय निसटू नये म्हणून नजर कायम खाली. कोच ओरडायचे, "मान वर! ट्रॅकवर चिखल नाहीये!" खिळ्यांचे स्पाइक्स, पाय रोवून सुटायचे ब्लॉक्स, फिजिओ, हळूहळू अंगवळणी पडलं. रडले पण लई. शंभर मीटरमध्ये आधी राज्यात पहिली आले, मग देशात.

तेव्हा कुठं गावाला आठवलं की ही आपली पोरगी! यंदाच्या जत्रेत सत्कार ठेवला. बॅनरवर मी एवढीशी आणि पुढारी एवढाले. सरपंचांनी फेटा आणला आणि बांधला आबांना. मला हळदीकुंकू लावून साडी-नारळ दिला. आमच्याकडं रीतच तशी, बाई काही का करेना, फेटा घरच्या पुरुषाला.

माझं डोकंच फिरलं. माइक घेऊन म्हणाले, "पळाले मी. फेटा मला बांधा."

सरपंच हसले, "अगं बाय, आबांच्या डोक्याला काय न् तुझ्या डोक्याला काय, एकच की!"

"एकच असंल तर माझ्याच डोक्याला बांधा."

"लई शेफारली," मागून कुणीतरी म्हणालं. शेफारले तर शेफारले! आई डोळे वटारून गप बस म्हणत होती. गावाला मी भीत नव्हते. भीती होती आबांची. भर मांडवात मी त्यांचाच फेटा मागत होते, आणि ते उठून निघून गेले असते तर मला हिर्डोशीचा रस्ता कायमचा बंद झाला असता.

आबा उठले. फेटा उतरवून सरपंचांच्या हातात दिला.

"बांदा तिला. म्या कुठं पळलोय?"

माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या पोरी विचारतात, आता तुझं घर कुठलं? शहरात मी कुणाशी भांडत नाही, पटलं नाही की आपली खोली बरी. हिर्डोशीत मात्र कडाकडा भांडते, आणि भांडून तिथंच जेवायला बसते. माझं घर ते. तेव्हा गावकऱ्यांनो, पुढच्या जत्रेत पोरींची शर्यत ठेवा. नाही ठेवलीत तरी मी येणारच आहे, भांडायला.