देवपुरातला मठ

उभ्या खानदेशात गप्प बसायला शिकण्यासाठी परमुलखात गेलेला माणूस एकच झाला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. आम्ही खानदेशी माणसं मोकळ्या गळ्याची. शेजारच्याला हाक मारली तरी पांझरा नदीपलीकडचे दोघे वळून बघतात. त्यात साडूभाऊ धुळ्याच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक. दिवसभर भोंग्यातून "सोनगीर, नरडाणा, शिरपूरकडे जाणारी गाडी" असा पुकारा करायचा आणि धुळ्यातच देवपुरात घरी येऊन त्याच आवाजात चहा मागायचा. माझ्या मोठ्या मेहुणीला, म्हणजे अक्काला, त्याची इतकी सवय झाली होती, की ते हळू बोलले तर ती आधी कपाळाला हात लावून बघे.

आणि एकदा खरंच ताप आला. एकोणनव्वदच्या सुमारास डेपोतल्या मंडळींबरोबर रामेश्वरला निघालेले असताना दक्षिणेतल्या कुठल्याशा घाटात साडूभाऊ फणफणले. जवळ दवाखाना एकच, तोही कॅथलिक साधूंच्या मठातला. मंडळींनी त्यांना तिथे सोपवलं आणि परतताना उचलून आणलं. तेवढ्यात व्हायचं ते होऊन गेलं होतं. पांढरे झगे घातलेले ते साधू घंटा झाली की प्रार्थनेला जात, घंटा झाली की गाईंचं शेण काढत आणि उरलेला वेळ मुकाट असत. भाषा येत नसल्यामुळे साडूभाऊही मुकाट. "तिथं कुणाला कुठंच जायचं नसतं हो," ते मला सांगत, आणि सांगताना त्यांचे डोळे आपोआप मिटत. "मी आयुष्यभर पाहिलेला प्रत्येक माणूस निघालेला. हातात पिशवी, तोंडात घास, नजर फलाटावर. ते लोक संध्याकाळी धुकं उतरलं की एकत्र उभे राहून गातात. सावकाश. गाडी चुकायची भीतीच नाही!"

मग देवपुरात मठ सुरू झाला. मठात माणसं दोनच, कारण मुलगी सासरी गेलेली. अंगणातल्या लिंबाला पितळी घंटा टांगली गेली. गजराचं घड्याळ वाजलं की साडूभाऊ घंटा वाजवत, आणि घंटा वाजली की हातातलं काम आहे तिथे सोडायचं, हा मठाचा नियम. अक्काच्या किती भाकरी तव्यावर करपल्या त्याला गणती नाही. एकदा मी जळगावहून गेलो तर तिने दारातच सांगितलं, "भाऊ, तुम्हना साडू अर्धी दाढी करीसन देवघरमा बसेल शेतस." बघतो तर खरंच एका गालाला साबण तसाच, आणि चेहऱ्यावर परम शांती. जेवताना बोलायचं नाही, खुणांनी मागायचं. मी भरीत मागितलं तर त्यांनी ठेचा वाढला. पुन्हा खूण केली, पुन्हा ठेचा. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा माझं मन भरून आलं असं समजून त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

बसस्थानकावर तर कहर झाला. शब्द जपून वापरायचा, म्हणून एका सकाळी भोंग्यातून एवढंच ऐकू आलं: "गाडी आली आहे. ज्यांना जायचं आहे त्यांनी जावं." चोपड्याची माणसं साक्रीच्या गाडीत बसली. साहेबांनी बोलावून झापलं. साडूभाऊंनी ते इतकं शांतपणे ऐकलं, की शेवटी साहेबांनीच त्यांना चहा पाजला. गल्लीत कुजबूज होती, की हा बाटला. पण त्यांचं देवघर, त्यांची एकादशी, सगळं जिथल्या तिथे होतं. विचारलं तर म्हणत, "मी धर्म नाही बदलला, वेळापत्रक बदललं."

आम्ही हसायचो. अक्का मात्र हसत नव्हती. निवृत्ती जवळ आली तशी ती एकदा मला परसात घेऊन गेली आणि नवऱ्याबद्दल म्हणाली, "भाऊ, त्या जातीन. तठेच ऱ्हातीन. माले म्हाइत शे." आणि तसंच झालं. निवृत्तीनंतर साडूभाऊंनी ट्रंक भरली आणि कायमचं जायचं जाहीर केलं. अक्का रडली नाही, भांडली नाही. मला एवढंच म्हणाली, "तुम्ही संगे जा."

मठ मीही पाहिला. कॉफीची झाडं, गाईंच्या गळ्यातल्या घंटा आणि प्रार्थनेचा तो संथ सूर. खोटं कशाला बोलू, ट्रंक न आणल्याचं मलाही क्षणभर वाईट वाटलं. तिथले मोठे फादर म्हातारे होते. तरुणपणी पुण्यात शिकलेले, त्यामुळे मोडकं मराठी बोलत. साडूभाऊंचं सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "घरी कोण?"

"बायको."

"तिला विचारलं?"

"सांगितलं."

फादरांनी ट्रंकेकडे बघितलं. मग म्हणाले, "आम्ही इथं वचन देतो, ही जागा, ही माणसं सोडणार नाही. ती चिडली, घोरली, म्हातारी झाली, तरी. तुम्ही असं वचन कुठं दिलं आहे का?"

लग्नात भटजींच्या मागून 'नातिचरामि' सगळेच म्हणतात, कान देऊन ऐकत कोणीच नाही. साडूभाऊंनी बहुधा ते त्या दिवशी ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच ट्रंक उचलून ते गेटाशी उभे होते.

देवपुरात पोचलो तर दाराला आतून कडी. हाका मारल्या, उत्तर नाही. मी मागच्या दारानं जायला निघालो, तर साडूभाऊ ओट्यावर ट्रंकेवर बसले आणि म्हणाले, "नको. मठातही नव्या माणसाला आधी दाराशीच बसवतात. खरंच राहायचंय का, ते बघतात." ऊन उतरलं, गल्लीतले दिवे लागले, तेव्हा कडी निघाली.

"काय पाहिजे?" अक्कानं विचारलं.

"ऱ्हावाले जागा."

"कितला दिन?"

"बठ्ठा. उरनात तितला."

ती आत गेली. मग तांब्या घेऊन आली आणि त्यांच्या पुढ्यात ठेवत म्हणाली, "पाय धुई ल्या."

त्यानंतर साडूभाऊंनी नवाच छंद घेतला. काहीही करायचं ते अक्काला विचारून. बाजारात जाऊ का, पान आणायला जाऊ का, अंगणात जाऊ का. ती वैतागून म्हणे, "जा ना बाप्पा!" संध्याकाळी दोघं परसात मेथीचा वाफा खुरपत बसत. मी गेलो की मलाही एक खुरपं मिळे. कोणी बोलत नसे. अंधार पडेपर्यंत तसे बसलो, की इतकं बरं वाटे, की मला जळगावची शेवटची गाडी मुद्दाम चुकवावीशी वाटायची. कधी कधी मी ती चुकवलीही.

साडूभाऊ गेले ते शांतपणे, घरातच, हिवाळ्यातल्या एका सकाळी. मी पोचलो तेव्हा अक्का त्यांच्या उशाशी बसली होती. मी तिच्याशेजारी खाली बसलो. तीच बोलली.

"या येळले बी इचारीसनच गयात, भाऊ. माले 'जा' म्हणता उनं नई. मंग मीच हातमाना त्यासना हात सोडी दिन्हा."