शिक्षक दिनाची टोपली

डोक्यावर टोपली घेऊन तो वर्गात शिरला. साडीचा काष्टा, कपाळाला मोठं कुंकू. शिक्षक दिन होता. त्या दिवशी आमच्या माजिवड्याच्या शाळेत दहावीची मुलं बाई नि सर होतात, आमच्या नकला करतात. हा ट्रस्टींचा नातू. माझी नक्कल करत होता. मी गणित शिकवते. त्यानं खडूला हातही लावला नाही.

"ताजा म्हावरा घ्या गो!" ओरडला, आणि स्वतःचंच नाक धरलं.

पोरं हसून लोळली. मुख्याध्यापिका हसल्या. मीसुद्धा हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

आई खोपटच्या बाजारात मासळी विकते. त्याच मासळीवर मी बी.एड. झाले. शाळेत कुणाला बोलले नव्हते. एखाद्या रविवारी कुणीतरी मला तिच्या शेजारी बसलेलं बघितलं असणार.

दुसऱ्या दिवसापासून मी फळ्याकडे वळले की मागून त्याचा आवाज. "बोंबील कसा दिला?" रागावले. जागा बदलल्या. एकट्याला घेऊन समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्याला वर्गाबाहेर उभं केलं.

लगेच मुख्याध्यापिकांच्या केबिनमध्ये बोलावणं.

"वर्ग कंट्रोल होत नाही तुम्हाला, आणि मुलाला बाहेर काढता? उद्या सगळ्यांसमोर त्याला सॉरी म्हणा. विषय संपला."

"बरं, मॅडम."

नोकरी कच्ची, वर्षावर्षाची.

घरी आई कोयता धूत होती. "काय झाला गो?" तिच्या हातांकडे बघवेना. उद्या त्याच हातांबद्दल मी माफी मागणार होते.

सकाळी मॅडम वर्गाच्या दारात उभ्या. तो बाकावर रेलून वाट बघत होता.

"मी कोळीण," मी म्हणाले. "माझी आई खोपटला मासळी विकते. ज्याला हसायचंय त्यानं आत्ता हसून घ्यावं. सॉरी मी म्हणणार नाही."

कुणी हसलं नाही. मॅडमनी बाहेर बोलावलं. "पुढच्या वर्षीचं विसरा."

"तास संपल्यावर बोलू," म्हटलं, आणि आत आले. तो अजून रेललेलाच.

"उभा राहा."

तो उभा राहीपर्यंत मी खडू उचलला नाही.

नोकरी जाईल. जाऊ दे. पुढच्या शाळेत पहिल्याच तासाला, नाव सांगतानाच, आई काय करते ते सांगेन. नाक धरणाऱ्याला आधी उभं करेन. गणित मग.