भिंतीच्या रंगाचा पत्रा

माझ्या धाकट्या बहिणीला कोल्हापुरातलं स्थळ आलं, तेव्हा घर बघायला मला पाठवायचं ठरलं. पन्नास सालानंतरची गोष्ट. आमच्या घरात बी.ए. झालेला मी पहिलाच. कुरुंदवाडजवळच्या आमच्या शेतीपलीकडे वडिलांनी फारसं जग पाहिलं नव्हतं आणि पदवी मिळाली की माणूस आतून वाचता येतो, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. "तू व्हय म्हणालास तर व्हय," एवढंच ते म्हणाले.

मी कोल्हापुरात शिकत होतो तेव्हा बहिणीनं प्रवासी मोटारीनं भाकरीचा डबा पाठवण्यात कधी खंड पडू दिला नव्हता. त्या डब्यावर मी शिकलो. आता तिचं आयुष्य माझ्या एका शब्दावर ठरणार, या विचारानं मला सगळंच संशयास्पद दिसू लागलं होतं.

सोबत मामा होते. मामांचा जन्म बैलबाजारात गेला. विकणाऱ्याचा शब्द खरा मानायचा नाही, हा त्यांचा धर्मच.

मुलाचे वडील इंजिनांच्या कारखान्यात रंगकाम करत. त्यांनी आम्हाला दारातच थांबवलं.

"पावणं, नळ दिसतोय का सांगा बरं?"

मला काही दिसेना. मग त्यांनी बोट दाखवलं. वरच्या मजल्यावरच्या मोरीचा जाड लोखंडी नळ भिंतीवरून खाली आला होता. घराला नीळ घातलेला चुना लावलेला होता आणि नळाला नेमका तसाच फिकट निळा तेलरंग. विजेच्या मीटरची फळी, खुंट्या, गंजलेली पन्हळ, सगळं तसंच.

"वंगाळ वस्तू हलवता येत न्हाय, तर तिला भिंतीचा रंग द्यायचा. नजर घसरून जातीया," ते खुशीत म्हणाले.

मामा माझ्या कानाशी लागले. "बैलाची शिंगं रंगवल्याली दिसली की आदी दात बघायचं, ध्यानात ठेव."

आम्ही आत, पुढच्या सोप्यात बसलो. मुलगा समोर बसला. तो त्याच कारखान्यात लेथवर काम करायचा. त्याची आई पोहे घेऊन आली. माझं लक्ष मात्र मुलाच्या मागच्या भिंतीवर होतं. बाहेरचा उजेड तिथं एका जागी चमकत होता. चुना चमकत नाही. नीट पाहिलं तर तो सपाट पत्रा होता, माणसाच्या उंचीहून मोठा, भिंतीच्या रंगात बुडवलेला. नळ कौतुकानं दाखवणाऱ्या माणसानं हा पत्रा दाखवला नव्हता.

आणि पत्र्याच्या खाली लाकडी उंबरा होता. उंबऱ्यावर ताजं हळद-कुंकू.

मी हे मामांना खुणावतोय तोच पत्र्याच्या मागून कुणी तरी खोकलं. खोल, लांबलेला खोकला.

"आत कोन हाय?" मामांनी विचारलं.

"शेजारी," मुलाचे वडील म्हणाले.

"आन् ह्यो पत्रा?"

"जुनं कपाट हुतं. बुजवलं."

"कपाटाला उंबरा कदीपास्नं आला वो?"

मुलाच्या आईनं पदर सावरला. मग मुलगा मान वर करून म्हणाला, "कपाट न्हाय. थोरल्या काकांचं दार हाय ते. वाटणी झाली तवा बाबांनी पत्रा मारला. तुमी येनार म्हनून रंगवला."

"गप की रं!" वडील ओरडले.

"आता काय गप?" त्याची आई म्हणाली. मग ती मामांकडे वळली. "भांडन ह्या दोगा भावांचं. दार बंद झालं म्हनून उंबरा पारोसा ठेवायचा व्हय? सकाळी हात आपसूक जातोय बगा."

मामा हसले. मला हसू येईना. खरं इतक्या पटकन बाहेर आलं, म्हणजे आणखी मोठं काही मागं ठेवलं असेल, असं मला वाटत राहिलं. तो खोकला डोक्यातून जात नव्हता. क्षयाचं नाव त्या काळी लोक हळू आवाजात घेत आणि क्षयाच्या घरात कुणी मुलगी देत नसे. पान खाऊन येतो, असं सांगून मी उठलो आणि बोळातून वळसा घालून थोरल्या काकांच्या मागच्या दारी गेलो.

एका बाईनं दार बोटभर उघडलं.

"कोन? कोर्टाचं मानूस?"

"नाही. पलीकडं बहिणीसाठी घर बघायला आलोय."

"मग हिकडं कशाला? हिकडं पोरगा न्हाय."

"आत खोकतंय कोण?"

"का? औषीद आनलंयसा?"

तिला बाजूला सारून एक धिप्पाड गृहस्थ बाहेर आले. हातात पेटलेली विडी होती. ते पुन्हा खोकले आणि गटारीत थुंकले. मी वाकून बघितलं. लाल काही नव्हतं.

"बगितलंसा?" ते म्हणाले. "तंबाखूच्या वखारीत जन्म गेला. दमा हाय. आनि काय इचारायचं हाय?"

मी ओशाळलो, तरी विचारलंच. "मुलगा कसा आहे?"

त्यांनी विडीची राख झटकली. "भावाचं इचारा, सांज हुस्तवर सांगतो. पोराचं वंगाळ सांगाय माज्याकडं कायबी न्हाय. असतं तर सोडलं असतं व्हय?"

परत येताना मोटारीत मामा म्हणाले, "बैल चांगला हाय. मालक लबाड." काका-पुतण्यांचं आतून संगनमत असेल का, याचाही मी विचार करत होतो.

घरी वडिलांनी विचारलं, तेव्हा मी सकाळपर्यंत मुदत मागितली. बहीण म्हशीची धार काढत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि नळापासून दम्यापर्यंत सगळं सांगितलं. तिनं हात न थांबवता ऐकलं.

"बाप कपाट म्हनला, तवा ह्येला कुनी इचारलं हुतं का?"

मी आठवून पाहिलं. मामांनी विचारलं होतं ते मुलाच्या वडिलांना. त्याला कुणी काहीच विचारलं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "आपणहून बोलला."

"बापाम्होरं?"

"बापासमोर. आमच्याही समोर."

तिनं चरवी उचलून बाजूला ठेवली. "मग आबास्नी व्हय म्हनून सांग. आनि पत्रा काडा म्हनून अट-बिट घालू नगंस. त्ये माजं मी बगीन."

मी उठलो आणि वडील ओसरीवर वाट बघत बसले होते, तिकडे गेलो.